जेवल्याशिवाय मत नाही

मैत्रिणींनो, मागच्या खेपेला मी लोणच्याच्या बरण्यांवर लिहिलं आणि तुमच्यापैकी कितीतरी जणींनी आपापल्या बरण्यांची हकिगत कळवली. एकीनं तर बुरशी आलेल्या लोणच्याचं काय करू, असं विचारलंय. (टाकून द्या हो. जीव अडकवू नका.) त्या पत्रांना उत्तरं देणारच आहे, पण आजचा विषय जरा निराळा. आज आपण जगातल्या मोठमोठ्या हॉटेलांच्या नंबरांबद्दल बोलणार आहोत. हसू नका! देगलूरला बसून हिला जगातल्या हॉटेलांची कसली पंचाईत, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटलं होतं. पण या नंबरांच्या नादानं आमच्या भिशीत जे काही झालं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

झालं असं, की आमचा पुतण्या हैदराबादला नोकरीला असतो. आमचं गाव हैदराबादच्याच रस्त्यावर, त्यामुळे दोन दिवस सुट्टी मिळाली की स्वारी इकडे हजर. परवा तो आला, ओट्याला टेकून उभा राहिला आणि मोबाइलमध्ये बघत म्हणाला, "काकू, मुंबईच्या एका हॉटेलचा आख्ख्या आशियात एकोणिसावा नंबर आलाय. २०२५ च्या यादीत. भारतात पहिला!"

मी पडले मास्तरीण. अर्धवेळ का होईना, पण पेपर तपासायची सवय हाडात मुरलेली. मी विचारलं, "वर्गात मुलं किती होती? अन् पेपर कुणी तपासले?"

त्याला काही उत्तर देता येईना. "काकू, तुम्ही पण ना!" म्हणून तो निघून गेला. पण प्रश्न माझ्या डोक्यात राहिला. खरंच, अन्नाला नंबर देतात कसे? कविता पाठ म्हटली, गणित सोडवलं, तर मार्क देता येतात. वरणाला मार्क कसे द्यायचे? आमच्या घरात एकाच वरणाला सासूबाई "पांचट" म्हणतात, मुलगा "तिखट" म्हणतो आणि आमचे हे पेपर वाचत वाचत काहीच म्हणत नाहीत! मग शाळा सुटल्यावरच्या दोन-चार दुपारी मी याच कामाला लावल्या. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं वाढते.

आधी त्या मुंबईच्या हॉटेलाबद्दल. त्याचं नाव मास्क. महालक्ष्मीला एका जुन्या गिरणीच्या आवारात ते २०१६ साली निघालं. काढणारी बाई आहे बरं का, अदिती दुगर. आधी त्या जेवणाची कंत्राटं घेत असत, म्हणजे आपल्या भाषेत केटरिंग. आता तिथले मुख्य आचारी वरुण तोतलानी. इथली पद्धत अशी, की कार्ड बघून हे आण, ते आण म्हणायचं नाही. ते आणतील ते खायचं. दहाएक पदार्थ एकामागून एक येतात, प्रत्येक घास-दोन घास. अन् बिल माणशी काही हजारांत. हे ऐकून आमचे हे पहिल्यांदा पेपरातून वर बघून म्हणाले, "म्हणजे घरी येऊन पुन्हा भाकरी खावी लागत असेल."

पण चेष्टा सोडली तर एक गोष्ट मला आवडली. आपल्याच देशातले, आपण विसरलेले किंवा आपल्याला माहीतच नसलेले जिन्नस शोधून आणायचे आणि मान देऊन ताटात मांडायचे, असा या लोकांचा रिवाज आहे. लडाखातली रानफळं काय, डोंगरातल्या पालेभाज्या काय. आपण अंबाडी बाजारातून आणताना "काय बाई, आज दुसरी भाजीच नव्हती," असं म्हणतो, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. अंबाडी लक्षात ठेवा. ती पुन्हा येणार आहे.

आता या नंबरांचा जुना इतिहास. सगळ्यांत जुने नंबर देणारे कोण असतील? कुणी राजा? कुणी पाकशास्त्री? अहो, टायरवाले! फ्रान्समधल्या मिशेलिन बंधूंचा टायरचा कारखाना होता. १९०० साली तिथं मोटारी पुरत्या तीन हजारही नव्हत्या. लोकांनी मोटारी घ्याव्यात, लांब लांब फिरावं आणि टायर झिजवावेत, म्हणून यांनी एक लहानसं पुस्तक फुकट वाटलं. पेट्रोल कुठं मिळेल, मुक्काम कुठं करावा, जेवावं कुठं. पुढं म्हणे एका दुकानात या पुस्तकांच्या थप्पीचा टेबलाला टेकू दिलेला दिसला, तेव्हा मालकांच्या लक्षात आलं, की फुकटच्या वस्तूला किंमत नसते. म्हणून १९२० पासून पुस्तकाला पैसे लावले. (आपल्या घरातल्या कामाचंही असंच आहे, पण तो विषय पुन्हा केव्हातरी.) १९२६ पासून चांगल्या खाणावळींना तारा देऊ लागले आणि १९३१ मध्ये एक, दोन, तीन अशी चढती भाजणी लागली.

त्या ताऱ्यांचा अर्थ मला फार गोड वाटला. एक तारा म्हणजे वाटेत असेल तर जरूर थांबा. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जा. अन् तीन तारे म्हणजे त्या जेवणासाठीच घरून निघा! तपासनीस नाव न सांगता येतात, गुपचूप जेवतात, बिल स्वतः भरतात आणि जातात. आपल्या देशात अजून मिशेलिनचं पुस्तक निघत नाही. त्यामुळे गंमत बघा, हिंदुस्थानी पद्धतीच्या जेवणाला पहिल्यांदा तीन तारे मिळाले ते २०२५ मध्ये, आणि तेही दुबईत. ट्रेसिंड स्टुडिओ नावाचं हॉटेल आहे, हिमांशू सैनी तिथले मुख्य आचारी.

तारे देताना हे लोक पाच गोष्टी बघतात. जिन्नस कसे आहेत. करणाऱ्याच्या हाताची तयारी कशी आहे. चवींचा मेळ जमलाय का. त्या पदार्थात करणाऱ्याचं स्वतःचं काही दिसतं का. आणि पाचवी, जिच्यात माझ्यासारख्या नापास होतात, ती म्हणजे सातत्य. आज केलं तसंच पुढच्या महिन्यात होतं का? खुर्च्या कसल्या, पडदे कसले, याला ताऱ्यांत मार्क नाहीत. सोमवारी झालेली कढी गुरुवारी तशीच का होत नाही, याचं उत्तर तुमच्याकडे असलं तर कळवा. कमलाबाई ओगल्यांनी 'रुचिरा' लिहिली १९७० साली, वाटी-चमच्याचं माप देऊन. माझ्या प्रतीची पानं तेलानं पारदर्शक झाली आहेत, तरी माझा हात म्हणजे आज एक अन् उद्या एक.

पण ताऱ्यांचा जाच काही थोडाथोडका नसतो हं. फ्रान्समधल्या सेबास्तियन ब्रास नावाच्या आचाऱ्यानं २०१७ मध्ये आपले तीनही तारे परत घ्या म्हणून विनंती केली. तपासनीस आज येईल की उद्या, या धास्तीशिवाय मला स्वयंपाक करायचाय, म्हणाला. ज्या सुनांनी सासूच्या पुढ्यात पहिली पुरणपोळी तव्यावर टाकली आहे, त्यांना या गृहस्थाचं दुःख समजावून सांगायला नको.

ही झाली टायरवाल्यांची गोष्ट. पुतण्यानं सांगितलेला नंबर मात्र दुसऱ्या यादीतला. २००२ साली इंग्लंडमधल्या रेस्टॉरंट नावाच्या मासिकानं जगातल्या पन्नास उत्तम हॉटेलांची यादी काढायला सुरुवात केली. तिचं नाव वर्ल्ड्स फिफ्टी बेस्ट. २०१३ पासून आशियाची यादी निराळी निघते. यात तपासनीस नाहीत, तारे नाहीत, मार्कांचा तक्ता नाही. यात मतं पडतात. जगाचे निरनिराळे भाग केलेत, दर भागात चाळीस मतदार, म्हणजे एकूण हजारावर. आचारी आणि हॉटेलवाले, जेवणावर लिहिणारे, आणि देशोदेशी जाऊन खाणारे खवय्ये, असे तीन प्रकारचे लोक त्यात असतात. निम्म्या बायका, निम्मे पुरुष. आपल्या स्वतःच्या हॉटेलला मत देता येत नाही. आणि मुख्य नियम हा, की गेल्या दीड वर्षात जिथं प्रत्यक्ष जेवलात तिथंच मत द्यायचं. ऐकीव चालत नाही.

नियम ऐकायला किती सरळ! पण माझ्या मास्तरकीच्या डोळ्यांना त्यातली मेख दिसली. जेवल्याशिवाय मत नाही, म्हणजे जिथं मतदार जातच नाहीत त्याचं काय? यादी उघडून बघा. बँकॉक, टोकिओ, हाँगकाँग, सिंगापूर. जिथं विमानं उतरतात तिथंच नंबर उतरतात. ज्यांच्या देशात स्वयंपाकाला धर्मासारखं मानतात त्या फ्रेंचांनाही ही यादी पटली नाही. त्यांनी २०१५ मध्ये 'ला लिस्ट' नावाची स्वतःची यादी काढली. आता याद्यांचेच नंबर लावायची पाळी आली आहे!

२०२५ च्या आशियाच्या यादीत पहिला नंबर बँकॉकच्या गगन या हॉटेलचा. त्याचे गगन आनंद मूळचे कलकत्त्याचे. त्यांच्याच हाताखाली काम केलेली एक मुंबईची मुलगी, गरिमा अरोरा. आधी वर्तमानपत्रात बातमीदार होती. ते सोडून पॅरिसला स्वयंपाक शिकायला गेली, २०१७ मध्ये बँकॉकला 'गा' नावाचं हॉटेल काढलं, २०१८ मध्ये मिशेलिनचा तारा मिळवला. तो मिळवणारी पहिली भारतीय स्त्री. २०२३ च्या डिसेंबरात दुसराही तारा मिळाला. तिचं नाव वाचून मला माझ्या वर्गातल्या दोन मुली आठवल्या. हॉटेलचं शिक्षण घ्यायचं म्हणतात आणि घरी ऐकावं लागतं, "स्वयंपाकच करायचाय तर त्याला कॉलेज कशाला?"

याच गरिमाला २०१९ मध्ये आशियातली उत्कृष्ट स्त्री-आचारी म्हणून पुरस्कार मिळाला. इथं मी थांबले. स्त्री-आचारी? जगात घरोघरी चूल कुणाच्या हाती आहे? आणि नंबर लागायची वेळ आली की बायकांसाठी निराळं बक्षीस ठेवावं लागतं, जसं शाळेच्या स्पर्धेत लहान गटाला उत्तेजनार्थ ठेवतात! या बक्षिसावरून तिकडेही पुष्कळ वाद झालाय. काही म्हणतात, एवढं तरी नाव होतं. काही म्हणतात, हा अपमानच आहे. माझं मत दुसऱ्या बाजूचं. पण आधी स्वतःच्या गावाकडं बघावं म्हटलं. आपल्याकडच्या लग्नात तरी काय असतं? भट्टीपाशी आचारी, तो पुरुष. "कुणाचा आचारी आणलाय?" हे पाहुणे विचारतात ते त्याच्याबद्दल. अन् मांडवाच्या मागं, धुरात, तीन-चार बायका सकाळपासून पोळ्या लाटत बसलेल्या असतात. त्या कुणाच्या आहेत, हे कुणीही विचारत नाही.

नंबरांच्या बाबतीत आपणही मागं नाही, हे मात्र सांगायला हवं. २०१५ साली लंडनच्या फूडीहब पुरस्कारांत दादरच्या 'आस्वाद'मधली मिसळ जगातला सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थ ठरली. पुण्या-नाशिक-कोल्हापूरच्या लोकांना हा निकाल अजून मान्य नसेल. आम्ही मराठवाड्याचे लोक या भांडणात पडत नाही. आम्ही सुशीला खातो.

तर भिशी. आम्ही बाराजणी आहोत, गेल्या महिन्यात पाळी माझ्याकडं होती. मी सुशीला केला होता (मुरमुरे फार भिजवू नका, नुसते पाण्यातून काढून लगेच पिळा), आणि मनात हे सगळं घोळत होतं. मी म्हटलं, "आपणही काढू की यादी! देगलूरात उत्तम जेवण कुणाच्या घरी?" सगळ्या एकदम तयार. कागदाचे तुकडे केले, स्टीलचा डबा मधोमध ठेवला. नियम तेच. प्रत्येकीनं पाच घरांची नावं लिहायची. स्वतःचं घर नाही. गेल्या दीड वर्षात त्या घरी बसून जेवलेलं पाहिजे, डबा आलेला चालायचा नाही. "माहेर चालतं का?" एकीनं विचारलं. चालत नाही म्हटलं, नाहीतर मोजायला काही राहिलंच नसतं.

लिहायला बसल्यावर एकेकीची पंचाईत दिसायला लागली. दोन नावं भराभर, तिसऱ्याला पेन्सिल तोंडात. माझंही तेच झालं. आमच्या शाळेतल्या एक बाई दर ईदला शीरखुर्म्याचा डबा पाठवतात. तसा शीरखुर्मा मी दुसरीकडं कुठं खाल्लेला नाही. पण नियम मीच केला होता. डबा आमच्याकडं येतो, मी त्यांच्याकडं जेवायला कधी गेलेली नाही. सात वर्षं एका स्टाफरूममध्ये बसतो. मी पेन्सिल खाली ठेवली आणि पुन्हा उचलून कुणा दुसरीचं नाव लिहिलं.

साठ मतं होती. ती तेराच घरांत वाटली गेली. एवढं मोठं गाव, अन् बाराजणींची जेवायची घरं तेरा! आणि तीही सगळी दोन-तीन गल्ल्यांतली. पहिला नंबर आमच्या कापडदुकानवाल्या वहिनींचा. अकरापैकी अकरा मतं. टाळ्या झाल्या. वहिनी हसून हसून लाल. म्हणाल्या, "अगं, दीड वर्षात माझ्याकडं वास्तुशांत झाली, मुंज झाली, लेकीचं डोहाळजेवण झालं. तुम्ही सगळ्याजणी तीनदा जेवलात. पण माझ्या हातचं कुठं खाल्लंत? सगळं आचाऱ्याचं!"

मला तीन मतं पडली. त्यातलं एक माझ्या जाऊबाईंचं, हे अक्षरावरून ओळखलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रात्री भांडी घासताना जरा जोरानंच घासली.

पण त्याआधी आणखी एक घडलं. वहिनींच्या मुंजीचा विषय निघाला तेव्हा एकजण म्हणाली, "भाजी ठीक होती, पण पोळ्या! पोळ्या कशा होत्या ना!" लगेच सगळ्या सुरू. पापुद्रा कसा, मऊपणा कसा, चारशे पानं झाली तरी शेवटची पोळी पहिलीसारखी. सगळ्यांना माहीत होतं की त्या कुणाच्या. आमच्या मावशींच्या. नाव देत नाही, त्यांना आवडायचं नाही. नाल्यापलीकडं राहतात, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, लग्नकार्यात पोळ्या लाटतात आणि सणावाराला आमच्यासारख्यांकडं पुरणाला येतात. देगलूरात असं घर दाखवा की ज्यानं मावशींची पोळी खाल्लेली नाही. आणि डब्यातल्या साठ चिठ्ठ्यांत त्यांचं नाव एकदाही नव्हतं. कारण त्यांच्या घरी आमच्यापैकी एकही कधी जेवलेली नव्हती. नियमच होता तसा.

मी कुणाला काही म्हणाले नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? नऊ वर्षं मावशी माझ्याकडं पुरणाला येतात. सगळ्यांची पानं उठल्यावर मागच्या पडवीत जेवतात. मी आग्रह करते, दोन पोळ्या बांधून देते आणि आपण किती चांगलं वागतो, असं मला नऊ वर्षं वाटत आलेलं आहे.

चार दिवसांनी पुरणाचं सांगायला म्हणून मी नाल्यापलीकडं गेले. एरवी दारातूनच सांगून परत येते. मावशी चुलीपाशी भाकरी थापत होत्या. मला बघून गडबडीनं उठू लागल्या. "काय करलालाव मावशी?" म्हणत मी सरळ आत जाऊन बसले आणि म्हटलं, "भूक लागली. मला वाढा."

त्यांना पटेना. "बाई, चेष्टा करताव का? घरात अंबाडीची भाजी हाय नुसती. ताट बी धड नाही." मी म्हटलं, "अंबाडीच पाहिजे." मग त्यांनी एक ताट दोनदा घासलं, पदरानं पुसलं आणि वाढलं. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी, फोडलेला कांदा. त्या जवळ उभ्या. मी "बसा" म्हटलं तरी बसेनात. तेव्हा मला कळलं, की माझ्या पडवीत त्यांना जेवताना काय वाटत असेल.

भाजीबद्दल सांगते, कारण तुम्हाला करून बघता यावी. आपल्या गावच्या वेशीवर तीन राज्यं भेटतात. आपण अंबाडी म्हणतो तिला तेलंगणात गेलं की पुंटीकूर, कर्नाटकात गेलं की पुंडी. तीन नावं, आंबटपणा एकच. मावशींची पद्धत अशी. पाला निवडून धुवून पाण्यात उकळायचा आणि ते पाणी पिळून टाकायचं. पुष्कळजणी पुरतं पिळतात, तिथं भाजी मरते. मावशी अर्धवट पिळतात, जरा आंबटपणा राहू देतात. तुरीची डाळ मूठभर, ज्वारीच्या कण्या मूठभर आणि शेंगदाणे, हे निराळं मऊ शिजवायचं. मग सगळं एकत्र करून, मीठ, हिरव्या मिरचीचा ठेचा घालून रवीनं घोटायचं. मिक्सर लावू नका, चिकट होतं. शेवटी लोखंडी पळीत तेल, भरपूर लसूण, तो पार लाल होईपर्यंत, आणि वाढताना ती फोडणी भाजीवर. भाजी तयार झाल्यावर नव्हे, ताटात वाढल्यावर. ते चुर्र वाजतं ना, तिथंच निम्मी भूक भागते. भाकरीचं म्हणाल तर मावशी सगळं पीठ एकदम मळून ठेवत नाहीत. एका भाकरीपुरतं घ्यायचं, तळहाताच्या मुळानं रगडायचं, थापायची, मग दुसरीचं पीठ.

ते पाच नियम मनात आले. जिन्नस, हाताची तयारी, चवींचा मेळ, स्वतःचं काही, सातत्य. मी दोन भाकरी खाल्ल्या. घरी एकच खाते.

जेवल्यावर मी त्यांना भिशीची सगळी गंमत सांगितली. मुंबईचं हॉटेल, बँकॉक, मतं, डबा. पोळ्यांचं सगळ्याजणींनी कसं कौतुक केलं तेही सांगितलं आणि नाव एकाही चिठ्ठीत नव्हतं तेही सांगून टाकलं. मला वाटलं होतं त्या लाजतील, नाहीतर वाईट वाटून घेतील. त्या राखेवर पाणी शिंपडत होत्या. म्हणाल्या, "मत घेऊन मी काय करू बाई? पोळीचा दर वाढवाय सांगा. पिठाच्या किलोवर पैसे देतेत आमाला. आचारी तुमच्याकडून किती घेतो अन् आमाला किती देतो, तुमी कधी इचारलं का?"

नव्हतं विचारलं. नऊ वर्षांत कधीच नाही. लग्नकार्यात आपण आचाऱ्याला सगळ्याचे मिळून पैसे देतो. त्यातून तो पोळ्यांच्या बायकांना देतो. कितीला ठरवतो, हे आपल्याला माहीत नसतं. मीही माझ्या दिराच्या लग्नात सगळा हिशोब वहीत लिहिला होता. केळीची पानं किती, पत्रावळी किती, द्रोण किती. ती वही काढून बघितली. त्यात 'आचारी' असा एकच आकडा आहे.

या महिन्यातली भिशी वहिनींकडं होती. मी विषय काढला. थोडा वेळ कुणी बोलेना. एकजण म्हणाली, दर वाढवला तर सगळ्याच मागतील. एकजण म्हणाली, आपण त्यांच्याकडं जेवायला गेलो तर त्यांनाच त्रास. हे मला पटलं नाही, पण खोटंही म्हणता येईना. माझ्या जाऊबाई म्हणाल्या, "हिला काय, दोन भाकरी खाऊन आली अन् आमच्यावर दंड बसवते." हसण्यावारी गेलं. पण वहिनी गप्प होत्या. जाताना त्यांनी मला दारात थांबवलं. त्यांच्या लेकीला मुलगा झालाय, येत्या अठराला बारसं आहे. दीडशे पानं. म्हणाल्या, "पोळ्यांचं मी आचाऱ्याला सांगतच नाही. मावशींशी परस्पर बोलते. किलोला काय दर लावायचा, तू विचारून ठेव."

मी विचारून आले आहे. आकडा ऐकून वहिनी जरा थबकल्या, मग "बरं" म्हणाल्या. त्या दिवशी मी मांडवामागं पोळ्यांच्या चुलीपाशी बसणार आहे, वही घेऊन. पीठ किती लागलं ते मीच लिहिणार.

पुढच्या अंकात बुरशीच्या लोणच्याचं उत्तर नक्की. आणि अंबाडी करून बघितलीत तर पाणी किती पिळलंत, ते कळवा.